नारायण वामन टिळकांचा दरबार

१९१७ साली वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण केलेल्या एका मराठी कवीने मिशनची नोकरी आणि तिचा पगार यांवर पाणी सोडले व तो साताऱ्यास येऊन राहिला. पाठीमागे संसार होता, गाठीला पैसा नव्हता आणि वय उतरणीला लागले होते. अशा वेळी माणूस सामान्यतः उरलेल्या दिवसांच्या तरतुदीचा विचार करतो. या गृहस्थाने मात्र एका नव्या उपक्रमाला हात घातला व त्याला ‘देवाचा दरबार’ असे नाव दिले. पुढे दोन वर्षेही पुरती लोटली नाहीत, तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्याचे देहावसान झाले. दरबारही त्याच्यामागे फार काळ तग धरू शकला नाही. हा कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून टिळक आपल्याला शालेय पुस्तकांतून भेटतात. लक्ष्मीबाईंचे पती म्हणून ‘स्मृतिचित्रे’मध्ये ते त्याहूनही जवळून भेटतात. परंतु साताऱ्याच्या त्या अल्पायुषी दरबाराची आठवण फारशी कोणी काढीत नाही. जो उपक्रम टिकला नाही त्याचा हिशेब कशाला मांडायचा, असे आपल्याला वाटत असावे. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. टिळकांनी आयुष्यभर ज्या एका प्रश्नाशी झुंज घेतली, त्याचे उत्तर देण्याचा शेवटचा प्रयत्न म्हणजे हा दरबार होता. श्रद्धा एकट्याच्या बळावर टिकते काय, आणि टिकत नसेल तर माणसांनी एकमेकांना धीर कसा द्यावा, हा तो प्रश्न.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. कवितेची गोडी तिच्याकडून आलेली, तर वडिलांचा स्वभाव करडा. बालपण कल्याणात गेले. नंतर नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले, थोडे इंग्रजीही शिकून घेतले. पण रीतसर शिक्षण तेथेच थांबले. जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ती टिळकांच्या घरची लक्ष्मी झाली. त्यानंतरचा काळ भटकंतीचा. कोठे मास्तरकी, कोठे भिक्षुकी, कोठे छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम. १८९१ च्या सुमारास नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषि’ नावाचे मासिकही चालविले. बुद्धी तीव्र, अंतःकरण अस्वस्थ आणि एका जागी पाय ठरत नाही, असे हे तीस वर्षांचे आयुष्य होते. जातिभेदाने देश पोखरला आहे आणि त्यावर धर्माच्याच मार्गाने इलाज शोधला पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत होता.

१८९३ साली ते आजच्या छत्तीसगडमधील राजनांदगाव संस्थानाकडे निघाले असता आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. गोष्टी कवितेच्या निघाल्या, धर्माच्या निघाल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळक ते पुस्तक वाचू लागले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. पुढची दोन वर्षे मात्र विलक्षण एकाकीपणाची होती. घरात बोलण्याची सोय नव्हती, स्नेह्यांत वाच्यता करावी तर नाती तुटण्याचे भय. आपले नाव उघड न करता त्यांनी एका ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार सुरू केला आणि अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. हेच ॲबट पुढे मराठी संतांच्या चरित्रांचे व काव्याचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून नावाजले गेले. एका मराठी माणसाला धीर देता देता तेही मराठी संतांच्या अंगणात येऊन बसले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. धीर देणाऱ्यालाही बरेच काही मिळून जाते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या काळी या कृत्याचा अर्थ काय होता, हे आज नीट ध्यानी येणे कठीण आहे. ज्ञाती तुटली, पंगत तुटली, घर तुटले. समाजाच्या दृष्टीने माणूस जिवंतपणीच मेला. टिळकांनी हे सारे पत्करले. पण त्यांच्याबरोबर ते लक्ष्मीबाईंनाही पत्करावे लागले, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. नवऱ्याने धर्म सोडल्याची बातमी त्यांच्यावर वज्रासारखी कोसळली. पदरात दत्तू हे लहान मूल, माहेरच्या आणि सासरच्या माणसांचे निरनिराळे सल्ले आणि स्वतःच्या मनाची फाळणी. पुढची चार-साडेचार वर्षे त्या आप्तांच्या आधाराने पतीपासून दूर राहिल्या.

येथे टिळकांच्या चरित्रातील एक दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. ज्याला दोन वर्षे कोणापाशी मन मोकळे करता आले नाही म्हणून यातना झाल्या, त्याने आपल्या पत्नीला त्याच एकाकीपणात लोटले. स्वतःचा निर्णय घेण्याच्या भरात जवळच्या माणसाला बरोबर घेण्याचे भान त्यांना राहिले नाही. थोरांच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची आपली रीत आहे. लक्ष्मीबाईंनी ती पाळली नाही, आणि म्हणूनच त्यांच्या हातून उतरलेले टिळक खरे वाटतात.

पण हेच टिळक त्या चार वर्षांत काही शिकले, असे दिसते. त्यांनी पत्नीचा नाद सोडला नाही, दुसरे लग्न केले नाही, धर्माचा आग्रहही धरला नाही. पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले. अखेर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या तेव्हा सोवळेओवळे, वेगळी चूल आणि वेगळे पाणी हे सारे त्यांनी मान्य केले. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. देवाने माणसे निर्माण केली, जाती माणसांनी केल्या, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने काढला, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्न वर्ज्य मानले नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांना ख्रिस्ती केले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. त्यांनी थांबण्याची तयारी ठेवली, एवढेच म्हणता येईल. दुसऱ्याच्या श्रद्धेला साहाय्य करणे आणि दुसऱ्याच्या श्रद्धेवर दडपण आणणे यांतील सीमारेषा टिळकांना आपल्याच घरात शिकावी लागली.

या काळात टिळकांचे बिऱ्हाड अहमदनगर जिल्ह्यात होते. तेथील धर्मविद्यालयात ते शिकवीत, १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षाही मिळाली. त्यांच्याभोवतीची ख्रिस्ती मंडळी हा एक विलक्षण समाज होता. कोणी महार-मांग वस्तीतून आलेले, कोणी कुणबी, क्वचित एखादा ब्राह्मण. प्रत्येकाच्या मागे एक तुटलेले नाते होते. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या वर्षांनी त्यात निराधार मुलांची भर घातली. टिळक दांपत्याने अशा मुलांना घरात आसरा दिला आणि लक्ष्मीबाई प्लेगच्या छावणीत रुग्णांच्या सेवेला उभ्या राहिल्या. या समाजाला जोडणारे जुने धागे गेले होते आणि नवे धागे अजून विणले जावयाचे होते. पाळक, शिक्षक, उपदेशक हे सारे मिशनच्या पगारावर. त्यामुळे वडीलबंधूचे जे नाते असावयास हवे होते, ते पुष्कळदा मालक-नोकराचे होऊन बसत होते. पगार देणाऱ्यापाशी माणूस आपली शंका बोलून दाखवीत नाही, आणि बोलून न दाखविलेली शंका आत कुजत राहते.

उपासनेतही अशीच अडचण होती. इंग्रजी गीतांची भाषांतरे परक्या चालींवर म्हटली जात. शब्द मराठी असले तरी त्यांना मराठी श्वास नव्हता. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या ख्रिस्ती कवी-कीर्तनकारांनी टिळकांच्या आधीच देशी रीतीच्या पद्यरचनेची वाट पाडली होती. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, भजने रचली. शंभराहून अधिक गीते त्यांनी मराठी मंडळीच्या हाती दिली. ‘अभंगांजलि’ ही त्यांची ख्रिस्तभक्तीची रचना प्रसिद्धच आहे. टाळ-मृदंग हे कोणा एका धर्माचे नसून मराठी भक्तीचे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, असे ते मानीत आणि सांगतही असत.

या आग्रहामागे केवळ देशाभिमान होता असे समजणे अपुरे ठरेल. भजनाची रीत पाहावी. एकजण चरण म्हणतो, बाकीचे तो उचलतात. ज्याचा आवाज बसला आहे, त्याचाही आवाज इतरांच्या आवाजात मिसळून वर जातो. ज्याच्या मनात आज प्रार्थना उमटत नाही, तो दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या आधाराने तेवढी वेळ निभावून नेतो. वारीत हजारो माणसे पायी चालतात, त्यांतील प्रत्येकाचा पाय रोज सारखाच उमेदीने पडतो असे नाही. दिंडी चालते म्हणून थकलेला चालतो, आणि उद्या त्याच्या चालण्याने दुसरा चालतो. सातारा जिल्ह्यातून माउलींची पालखी जाताना हे दृश्य ज्यांनी दरवर्षी पाहिले आहे, त्यांना यावर अधिक भाष्य नको. टिळकांना ख्रिस्ती मंडळीत नेमके हेच हवे होते. व्यासपीठावरून एकाने उपदेश करावा आणि बाकांवर बसून इतरांनी तो ऐकावा, एवढ्याने त्यांचे समाधान होत नव्हते.

ही कल्पना ख्रिस्ती परंपरेला परकी होती असेही नाही. नव्या करारात बर्णबा नावाचा एक शिष्य आहे. त्याच्या नावाचा अर्थच धीर देणारा असा सांगितला आहे. कालपर्यंत मंडळीचा छळ करणारा शौल यरुशलेमेत आला तेव्हा कोणी त्याच्यावर विश्वास ठेवावयास तयार नव्हते. बर्णबाने त्याचा हात धरून त्याला आत नेले. बर्णबा नसता तर पौल झाला असता काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात एकत्र जमणे सोडू नका, एकमेकांस उत्तेजन द्या, असा स्पष्ट उपदेश केला आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी आपल्या अनुयायांचे दहा-बारा जणांचे लहान लहान वर्ग पाडले. दर आठवड्याला जमावे, परस्परांची विचारपूस करावी, पडलेल्याला उठवावे, हा त्यांचा क्रम. वेस्लींच्या प्रवचनांनी लोक हलले हे खरे; पण हललेले लोक टिकले ते या लहान वर्गांमुळे, असे इतिहासकार सांगतात. टिळकांनी हेच तत्त्व मराठी मातीत, मराठी रीतीने रुजवू पाहिले.

त्यांचे औदार्य मंडळीच्या कुंपणापुरते नव्हते, याचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. त्यात या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. संमेलनाच्या पाठीशी टिळकांचे मोठे परिश्रम होते. टाळ्या वाजवून घरी जाण्यात त्यांनी समाधान मानले नाही. त्या मुलाला अहमदनगरला आपल्या घरी नेले आणि पोटच्या मुलासारखे वागविले. लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यासाठी टिळकांच्या घराचे दार त्यांना कधी बंद झाले नाही. त्यांच्या प्रतिभेवर टिळकांची श्रद्धा होती, तेवढे पुरे होते. ५ मे १९१८ रोजी भादली येथे रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, तेव्हा टिळकांचे स्वतःचे एकच वर्ष उरले होते.

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. ते काम त्यांनी अखेरपर्यंत केले. हिंदी ख्रिस्ती समाजाने परक्यांच्या ओंजळीने पाणी पिणे सोडावे, स्वतःच्या पायांवर उभे राहावे, ख्रिस्त आपला मानताना हिंदुस्थान परका मानू नये, हे सूत्र त्यांच्या लेखणीतून सतत डोकावते. मिशनरी लोकांविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता होती, अनेकांशी गाढ स्नेह होता. पण पालकाने पाल्याला कायमचे अज्ञान ठेवू नये, असे ते निर्भीडपणे सांगत. असे सांगणारा माणूस स्वतः मिशनचा पगार घेत असेल तर त्याच्या शब्दांना धार राहत नाही, ही टोचणी त्यांना लागली होती. १९१७ चा राजीनामा हे त्या टोचणीचे फळ. घरदार सोडून रानात जाण्याचा हा संन्यास नव्हता; आश्रिताचे जिणे सोडण्याचा होता.

साताऱ्याचा दरबार या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा एक बंधुभगिनीसमाज, मग त्यांनी बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, असे त्याचे स्वरूप होते. ज्यांचे मन ख्रिस्ताकडे ओढले आहे पण ज्यांना घर, ज्ञाती, आईबाप तोडवत नाहीत, अशांची संख्या त्या काळी लहान नव्हती. चर्चच्या दृष्टीने ते बाहेरचे, ज्ञातीच्या दृष्टीने संशयित. दोन्ही दारांच्या मधल्या ओट्यावर बसलेल्या या माणसांना हाक मारणारे कोणी नव्हते. १८९३ ते १८९५ ही दोन वर्षे टिळक स्वतः त्याच ओट्यावर बसले होते. दरबाराची कल्पना त्या दोन वर्षांच्या आठवणीतून निघाली असावी, असे आम्हांस वाटते. स्वतःला जे मिळाले नाही ते इतरांना मिळावे, यासाठी उतारवयात जोखीम घेणारी माणसे थोडी असतात.

या कल्पनेवर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेता येण्यासारखे होते. बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व मानले तर मंडळीला अर्थ काय उरला, असे चर्चचे अभिमानी म्हणू शकत. हा धर्मांतराचाच गोड वेष आहे, असे दुसऱ्या बाजूचे लोक म्हणू शकत. दोन्ही आक्षेपांत तथ्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि टिळकांच्या वर्तनाकडे पाहता एवढे निश्चित म्हणता येते की, माणसाच्या शंकेला वेळ द्यावा आणि त्या वेळात त्याला एकटे टाकू नये, ही त्यांची कसोटी होती. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती ते शिकले, बालकवींच्या बाबतीत त्यांनी ती पाळली, आणि दरबारात तिला सार्वजनिक रूप दिले.

मग दरबार टिकला का नाही? त्याचे उत्तर सरळ आहे. त्याला घटना नव्हती, निधी नव्हता, दुसरी फळी नव्हती. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता, आणि तो माणूस दोन वर्षांत गेला. ज्या १९१९ साली टिळक वारले, त्याच साली ऑक्टोबरमध्ये कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. १९२४ साली ती साताऱ्यास आली आणि तिचा वटवृक्ष झाला. दोन्ही उपक्रमांची तुलना करणे योग्य नव्हे, कारण कार्यक्षेत्रे भिन्न आहेत. पण एक धडा घ्यावयास हरकत नाही. भाऊरावांनी लोकांना नुसते एकत्र आणले नाही, तर त्या एकत्र येण्याला काम आणि चौकट दिली. टिळक कवी होते, चौकटीचा त्यांना कंटाळा. परस्परांना धीर देण्याची वृत्ती कितीही उत्कट असली तरी ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि वाटून घेतलेली जबाबदारी यांवाचून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही.

तरीही दरबार निष्फळ झाला असे म्हणवत नाही. टिळकांनी १९०९ साली ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहावयास घेतले आणि ते अपुरे राहिले. पुढचे चौसष्ट अध्याय कोणी लिहिले? ज्यांना लग्नाच्या वेळी अक्षरओळख नव्हती, ज्यांना टिळकांनी अधूनमधून, पुष्कळदा वैतागून, लिहावाचायला शिकविले, त्या लक्ष्मीबाईंनी. त्याच लक्ष्मीबाई मंडळीत कीर्तने करू लागल्या, आणि १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली गेली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ज्या स्त्रीला एकदा एकटी टाकली होती, तिनेच टिळकांचे अपुरे काम पुढे नेले. टिळकांचे चाहते व चरित्रकार जॉन विन्स्लो यांनी १९२२ साली हिंदी व युरोपीय बंधूंना समान पातळीवर आणणारा ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, त्यातही टिळकांच्या स्वप्नाची छाया दिसते. आणि रविवारी मराठी मंडळीत आजही जी गीते म्हटली जातात, त्यांत टिळकांचा आवाज आहेच. दरबाराची इमारत पडली. पण दरबारी माणसे विखुरली ती बीज होऊन.

आता आपल्या भागाकडे वळू. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनने काम केले, सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशनने. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, वैद्यकीय शिक्षण सुरू केले, आणि मिरजेचे नाव वैद्यकीयदृष्ट्या दूरवर नेले. पुढे दोन्ही मिशनांतून आलेल्या मंडळ्या १९२४ च्या संयुक्त चर्चमधून आणि १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर हिंदुस्थानच्या चर्चमधून एका छत्राखाली आल्या. मिशनरी गेले, पगाराचे ते नाते संपले. टिळकांनी ज्या स्वावलंबनाची मागणी केली होती, ते परिस्थितीने आपोआप पदरात टाकले.

पण ज्या परस्पर-आधाराची त्यांनी मागणी केली होती, तो आपोआप येत नाही. सातारा-सांगलीच्या ख्रिस्ती मंडळ्या संख्येने लहान आहेत. तरुण शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईस जातात. मागे राहतात निवृत्त शिक्षक, परिचारिका, कारकून आणि त्यांची आजारपणे. लहान समाजाला दोन रोग जडतात. एक, इमारती व कमिट्या यांच्या वादांत सारी शक्ती खर्ची पडणे. दुसरा, प्रत्येकाने आपापली श्रद्धा घराच्या कपाटात कुलूप लावून ठेवणे. पहिल्या रोगाची बातमी होते, दुसऱ्याची होत नाही. पण अधिक घातक दुसराच. कोणाच्या घरी दुःख झाले तर अंत्यविधीला सगळे येतात. त्यानंतर तीन महिन्यांनी, जेव्हा घर खरोखर रिकामे वाटू लागते, तेव्हा दार वाजविणारा कोण, हा मंडळीच्या जिवंतपणाचा निकष आहे. नव्याने बदली होऊन आलेल्या तरुण शिक्षिकेला उपासनेनंतर कोणी चहाला बोलाविले काय, परीक्षेत अपयश आलेल्या मुलाच्या खांद्यावर कोणी वडीलधाऱ्याने हात ठेवला काय, शंका विचारणाऱ्याला नास्तिक ठरविण्यापूर्वी कोणी त्याचे ऐकून घेतले काय, याच गोष्टींनी मंडळी उभी राहते किंवा कोसळते.

हा प्रश्न एका धर्माचा नाही, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. वारकऱ्याला दिंडी लागते, कार्यकर्त्याला सहकारी लागतो, ध्येयवादी शिक्षकाला दुसरा एक तरी ध्येयवादी शिक्षक लागतो. तत्त्वांवर एकट्याने उभे राहणारी माणसे असतात. परंतु त्यांच्याही चरित्रात शोधले तर कोठेतरी एक बर्णबा सापडतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. एकमेकांना धीर देता देता आपलेच एक वर्तुळ बनते, वर्तुळाच्या बाहेरचा परका वाटू लागतो, आणि बंधुभावाची कंपूशाही होते. टिळकांच्या दरबाराचे मोठेपण असे की, त्याने आपले दार बाहेरच्यासाठी उघडे ठेवले. ज्या सोबतीत प्रश्न विचारणाऱ्याला जागा नाही, ती सोबत श्रद्धेला आधार देत नाही, तिच्यावर पहारा ठेवते.

साताऱ्याला येणारा जाणारा अजिंक्यतारा पाहतो. टिळकांच्या दरबाराची तेथे कोणतीही भव्य खूण शोधण्याचे कारण नाही. त्याची खूण शोधावयाचीच असेल तर ती माणसांच्या वागण्यात शोधावी. रेल्वेच्या डब्यातील एका अनोळखी प्रवाशाने हाती ठेवलेले एक पुस्तक, पत्रांना दिलेली उत्तरे, स्वतंत्र चूल मांडू देणारे घर, एका किशोर कवीला मिळालेली आई, आणि पतीचे अपुरे काव्य पुरे करणारी पत्नी, एवढीच या आयुष्याची कमाई. यांतील एकही गोष्ट एकट्याने घडलेली नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला महाकाव्य लिहिता येणार नाही, दरबारही भरविता येणार नाही. पण या आठवड्यात एखादे दार वाजविता येईल, आणि ते आपल्या हातचे आहे.